पोट उघडायला दिलेला होकार

गेली काही वर्षं मला आडवं पडायचीच भीती वाटू लागली होती. पाठ टेकली की आंबट पाणी घशाशी यायचं, छाती जळायची. उशांवर उशा रचून मी बसल्या बसल्या झोपायची. शेंगाची चटणी सुटली, मग चहा सुटला. गोळ्या मात्र वाढत गेल्या. आमच्या लिंगायत घरात लिंगपूजेशिवाय कुणी तोंडात पाणी घेत नाही. पण त्या काळात पूजेला बसले तरी नामाऐवजी मनात तक्रारच असायची.

शेवटी सोलापुरातल्या सर्जननी ऑपरेशन सुचवलं. जठराचा वरचा भाग अन्ननलिकेच्या खालच्या टोकाभोवती गुंडाळून शिवायचा, म्हणजे आम्ल वर चढत नाही. "आतलं काम एकच," ते म्हणाले. "दुर्बिणीने केलं तर छोटी छिद्रं, दुखणं कमी, घरी लवकर. पोट उघडून केलं तर जखम मोठी, सावरायला वेळ. आपण दुर्बिणीनेच सुरू करू. पण पूर्वी तुमचं अपेंडिक्स फुटलं होतं. आत चिकटलेलं असलं, नीट दिसलं नाही, तर उघडावं लागेल. त्याला तुमची तयारी हवी."

माझी तयारी नव्हती. अपेंडिक्सच्या वेळची चिघळलेली जखम मी विसरले नव्हते. "दुर्बिणीने नाही जमलं तर तसंच बंद करा," असं मी सांगून टाकलं. यजमानांनी समजावलं, लेकीने समजावलं. मी सोलापूरच्या ग्रामदैवताला, सिद्धरामेश्वरांना साकडं घालून बसले होते, दुर्बिणीनेच होऊ दे.

भरती व्हायच्या सकाळी यजमान औषधं आणायला गेले आणि मी दवाखान्यातल्या बाकावर थांबले. शेजारी एक वयस्कर मुसलमान बाई तसबीह, म्हणजे त्यांची जपमाळ, ओढत होत्या. माझे डोळे भरलेले बघून त्यांनी विचारलं, आणि परक्या बाईला मी सगळं सांगून बसले. त्या म्हणाल्या, "माझी सून आत हाय. सकाळपासनं दुवा मागत होते, सिझर नको, नॉर्मलच होऊ दे. आत्ता डॉक्टरीण सांगून गेली, बाळाचे ठोके कमी व्हायलेत. मग म्हनले, अल्ला, कसं बी कर, दोगं सुखरूप येऊ देत. त्याला वाट कशाला सांगायची, बाई? पोचवायचं काम त्याचं की."

मनातला पीळ सैल पडला. यजमान आल्यावर मी म्हणाले, "उघडावं लागलं तर उघडू द्या." ते नुसते शेजारी टेकले, आणि भरती होताना मी संमतीच्या कागदावर तशी सही दिली.

शुद्धीवर आले तेव्हा पोटावर लांब पट्टी होती. सर्जन म्हणाले, "आत फार चिकटलं होतं. दुर्बिणीने पुढे जाणं धोक्याचं होतं. तुम्ही हो म्हणाला होतात, म्हणून काम पूर्ण झालं." मला वाईट वाटायला हवं होतं, वाटलं नाही. पुढे टाके दुखले, खोकला आला की जीव नको व्हायचा, कित्येक दिवस पेजेवर काढले. पण छातीतली आग गेली ती गेलीच.

मी चालायला लागल्यावर यजमान बाळंतिणींच्या मजल्यावर त्या सकाळच्या बाळंतिणीची चौकशी करून आले. सुनेचं सिझर होऊन त्या बाईंना नात झाली होती, सगळं सुखरूप होतं, आणि ती माणसं आपल्या घरी गेली होती. त्या बाईंचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

त्यांना कुणी पाठवलं, याचा खल मी करत नाही. ते बोल हवे होते तेव्हाच कानी पडले, एवढं मला पुरे. कुणी विचारलं तर मी आजही सांगते, दुर्बिणीने होत असेल तर बरंच आहे. देवाकडे मागायचंही मी सोडलेलं नाही. फक्त मागून झालं की तिथंच थांबते. ते कसं द्यायचं, हे सांगत नाही.