बारा तुकड्यांची रेघ

पोतोसीच्या डोंगरात फोर्तुनाता कोल्के बावीस वर्षं एका खाणीच्या तोंडाशी राखण करत होती. नवरा याच खाणीत दरडीखाली गेला, तेव्हा तिच्या पोटात जे भय शिरलं ते निघालंच नाही. भूक-थकवा मारणारी कोकाची पानं गालात धरून गडी तिला चिडवत, "बाई, डोंगर खातोय की काय तुला?" पण सुरुंगाच्या वाती कापायला मात्र तिच्याकडेच येत. भित्र्या माणसाचं माप चुकत नाही, असा त्यांचा भरवसा.

यंदाची वात लहरी निघाली. पूर्वी हातभर तुकडा तीन मिनिटांच्या आगेमागे जळून संपायचा. यंदाचा कधी दोन मिनिटांतच संपे, कधी चारपर्यंत रेंगाळे, आणि मधला कुठलाही क्षण त्याला सारखाच. वात महाग, म्हणून फोर्तुनाताने बाराच तुकडे जाळून पाहिले आणि प्रत्येकाची वेळ कोळशाने खाणीच्या तोंडाजवळच्या भिंतीवर मांडली. खुणा कुठेच दाटल्या नाहीत. शेवटची खूण बरोब्बर चारवर. तिथे तिने उभी रेघ ओढली.

"एवढा वेळ होईस्तोवर आत पाय टाकायचा नाही. नंतर वात मेली समजा."

न उडालेल्या सुरुंगापाशी जायला अर्धा तास थांबायचा नियम होता, पण बसून राहणाऱ्याला कोण पोसतो? गड्यांनी तिची रेघ आनंदाने मानली.

मंगळवारी सकाळी तिचा धाकटा भाऊ सेनोबियो याने सहा सुरुंगांना बत्ती दिली आणि धावत तोंडाशी आला. पाच उडाले. सहावा गप्प.

"ताई, तीन मिनिटं झाली. निम्म्याच्या वर वेळ सरली, आता कसला उडतोय तो?"

"गप बैस. निम्मे त्यानंतरच उडतात. आणि जितका गप्प राहील तितकी पुढची घडी वाईट. उरलेल्या एवढ्याशा वेळातच उडायचंय त्याला."

साडेतीन. पावणेचार. घड्याळाचा काटा चारवर आला, पुढे सरला. डोंगर शांत.

"जा," ती म्हणाली.

सेनोबियो अंधारात शिरला. तिने सहज भिंतीकडे पाहिलं आणि पुन्हा एकेक खूण मोजली. पाच तुकडे जाळले तेव्हा शेवटची खूण साडेतीनवर होती. नऊ झाले तेव्हा पावणेचारवर. बाराव्याने ती चारवर नेली. तेरावा जाळलाच नव्हता. वात संपते कुठे हे तिला ठाऊकच नव्हतं, तिचे तुकडे तेवढे संपले होते.

ती आत धावली, ठेचकाळली, आणि भावाची कॉलर मागून धरली.

"अगं, तूच म्हणालीस ना जा म्हणून?"

"चुकले मी. चल."

ती त्याला ओढत वळणामागे आणते न आणते तोच सहावा उडाला. धुळीत दोघं पालथी पडली. सेनोबियोच्या उजव्या कानातून रक्त येत होतं.

दुसऱ्या दिवशी कानात कापूस घालून तो कामावर आला. गडी बत्तीसाठी तयार उभे होते.

"ताई, मग आता रेघ कुठे ओढायची?" सेनोबियोने विचारलं.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "आणि मला फार भीती वाटतेय."

त्या दिवशी बत्ती द्यायला कुणीच पुढे झालं नाही.