दोन वावरांची राखण

फायनलला मी नापास झालो तेव्हा घरच्यांना वाईट वाटलं आणि वर्गातल्या पोरांना त्याहून जास्त. मी गेलो म्हणजे हेडमास्तर गेले, स्टेशनमास्तर गेले, कीर्तनकार बुवा गेले, शाळा तपासायला येणारे दिपोटी गेले. ही सगळी मंडळी माझ्या गळ्यात राहायची. दिपोटी आले त्या दिवशी मधल्या सुट्टीत मी त्यांच्याच आवाजात पोरांना सातचा पाढा विचारत होतो आणि ते स्वतः माझ्या मागे उभे. त्याचा निकालाशी काही संबंध नाही, असं हेडमास्तर वडिलांना म्हणाले. असेलही.

वडिलांनी मला नंदुरबारहून उचललं आणि प्रकाशाला फुईकडे नेऊन टाकलं. फुई म्हणजे त्यांची बहीण. फुवा वारलेले, मूलबाळ नाही, तापीच्या काठाला एक वावर आणि त्यात दादर. दादर ही आमच्याकडची रब्बीची ज्वारी. फाल्गुनात तिची कणसं भरून येतात आणि नेमक्या तेव्हाच भोरड्या गोळा होतात. फुईने माझ्या हातात गोफण दिली आणि म्हणाली, "शायामा नही जमनं, ते आते पाखरे राख."

भोरडी असते साळुंकीच्या अंगाची. डोकं आणि पंख काळे, बाकी अंग गुलाबी, कोणीतरी होळीआधीच रंग टाकल्यासारखं. थंडीभर इकडेतिकडे विखुरलेल्या असतात. ऊन तापायला लागलं की एकत्र येतात, पळसाच्या फुलातला रस पितात, वावरांत उतरतात, अंगात जीव भरून घेतात आणि चैत्रात एके दिवशी सगळ्याच्या सगळ्या उत्तरेला निघून जातात. कुठे, ते आमच्या भूगोलाच्या पुस्तकात नव्हतं. त्यात चढउतार, पिके आणि हवामान एवढंच होतं.

दिवसभर मी माळ्यावर. चार बल्ल्या रोवून वर ताटी टाकलेली, डोक्यावर पाचटाची सावली. दादर माणसापेक्षा उंच, त्यामुळे वर बसलं की चारी बाजूंनी नुसती कणसं, वारा आला की हलणारी, आणि मधे मी एकटा. खाली नदी, देवळांचे कळस, आणि उत्तरेला सातपुडा. फुईला वाटायचं मी पाखरं राखतो. मी राखायचोही. पण खरं सांगायचं तर मी पाखरं बघायचो. थवा उठला की त्याच्या मागे मान फिरवत राहायचो आणि दगड गोफणीतच राहून जायचा.

बांधापलीकडे आबांचं वावर. आबा गावातले मोठे शेतकरी, तापट नाहीत, पण शब्दाचे कडक. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. सकाळी कोणीतरी त्यांना आणून खळ्यातल्या निंबाखाली खाटेवर बसवायचं आणि तिथून संध्याकाळपर्यंत ते कानांनी शेती करायचे. त्यांच्या माळ्यावर त्यांचा सालदार, वर्षाच्या बोलीवरचा गडी. मोलगीच्या पलीकडच्या डोंगरातला, माझ्याहून पाचसहा वर्षांनी मोठा, अंगाने काटक. घरी त्याची बोली वेगळी, आमच्याशी मात्र आमच्यासारखं बोलायचा. मी नापास झालोय हे कळल्यापासून मला मास्तर म्हणायचा.

आमच्याकडे राखणीची एक रीत आहे. थवा उठवला की शेजारच्या माळ्याला हाक द्यायची. मग तो तयार राहतो, तो उठवतो, पुढच्याला हाक देतो, आणि असं ढकलत ढकलत पाखरं नदीच्या वाळूवर नेऊन सोडायची. हाक न देता उठवणं म्हणजे आपला केर दुसऱ्याच्या दारात लोटणं. प्रत्येकाची हाक निराळी. सालदाराची हाक लांब होती, दरीपलीकडच्या माणसाला मारतात तशी, आणि शेवटी ती बैलगाडीच्या आखासारखी करकरायची. दुसऱ्याच दिवशी मी ती उचलली. त्याने स्वतःचीच हाक माझ्या माळ्यावरून ऐकली आणि तो इतका हसला की ताटीवरून पडता पडता राहिला. मग मी भोरड्यांवर शिकऱ्याचा, म्हणजे त्यांना धरून खाणाऱ्या शिकारी पाखराचा, आवाज करून बघितला. तो ऐकला की थवा एका झटक्यात वर. फुई शेजारणीला सांगायला लागली की पोराला गोफण लागतच नाही.

सालदाराची बायको आणि दिवाळीच्या सुमाराला झालेली मुलगी डोंगरात होती. मुलीला त्याने एकदाच पाहिलेलं. आबांनी त्याला शब्द दिला होता, यंदाची दादर नीट घरात आली तर आखाजीपासून, म्हणजे अक्षय तृतीयेला सालदारांचं नवं साल लागतं तेव्हापासून, विहिरीजवळ झोपडी घाल आणि बायकोपोरीला खाली आण. तो माळ्यावर बसल्या बसल्या मला झोपडी कुठे, चूल कुठे, कोंबड्या कुठे ते हातांनी दाखवायचा.

होळी जवळ आली. त्यांच्या डोंगरात होळी म्हणजे दिवाळीहून मोठी. मूल व्हावं म्हणून त्याने होळीला नाचायचा नवस केलेला, अंगावर राखेचे पट्टे ओढून, कमरेला घुंगरं बांधून, डोक्याला मोरपिसांचा टोप घालून. नवसाचं यंदाचं शेवटचं साल. त्याने आबांकडे चार दिवस मागितले. आबा म्हणाले, भोरड्या गेल्या की जा, मी काही नाही म्हणत नाही. पण भोरड्या जाईस्तोवर होळी काय थांबणार?

हे त्याने मला माळ्यावर सांगितलं. मीच त्याला म्हणालो की तू जा, तुझा आवाज इथेच राहील. आबांना दिसत कुठे? त्यांना हाक ऐकू आली म्हणजे झालं. मला त्यात त्याच्यावर उपकार करायचा होता असं नाही. मला तो खेळ करून बघायचा होता, ते मला तेव्हाही माहीत होतं.

तो मग म्हणाला, "आवाजले आबा फसी. भोरड्या फसाव नहीत. थवा उतरना ते मन्हा वावरमा पयजो, मास्तर. हा म्हन."

थवा त्याच्या वावरात उतरला की पळत जायचं, याला मी हा म्हटलं. कोणाला काही सांगायचं नाही, हेही त्याने माझ्याकडून वदवून घेतलं. दुसऱ्या दिवशी पहाटे तो गेला.

पहिले दोन दिवस इतकी मजा मी शाळेतही केली नव्हती. मी माझ्या आवाजात हाक द्यायची आणि त्याच्या आवाजात उत्तर द्यायचं. खळ्यातून आबा विचारायचे, किती होत्या रे? मी त्याच्या आवाजात सांगायचो, शंभरेक. आबा म्हणाले, आज तुझा गळा चांगला मोकळा झालाय. मी तर आबांशी पाण्यापावसाच्या गप्पाही मारल्या, त्याच्यासारखं वाक्याच्या शेवटी थोडं थांबून. बोलल्याप्रमाणे बांध ओलांडून पळतही होतो. दोन्ही वावरं साफ होती.

होळीच्या दिवशी दुपार उतरल्यावर मोठा थवा आला. एवढा थवा मी त्याआधी पाहिला नव्हता. आधी तो फुईच्या वावरावर आला. मी शिकऱ्याचा आवाज केला, थवा उठला, नदीवर गेला आणि तिथे वळला. ऊन तिरपं होतं. सगळी पोटं एकदम उन्हात आली आणि आख्खा थवा गुलाबी झाला, परत वळला तर काळा. जसं दोन बायांनी नदीवर लुगडं दोन टोकांना धरून झटकावं. तो ताणला जायचा, मधे बारीक व्हायचा, तुटतोय असं वाटायचं आणि तुटायचा नाही. मी उभा राहिलो होतो. गोफण पायाशी होती.

मग तो आबांच्या वावरात उतरला. पाऊस पडावा तसा सरळ खाली. कणसं वाकली. इतक्या चोची एकदम चालल्या की तव्यावर काहीतरी तडतडतंय असा आवाज येत होता. शिकऱ्याचा आवाज तिथवर पोचत नसे, म्हणून मी सालदाराची हाक दिली. थोड्या उडाल्या आणि परत बसल्या. आता पळायला हवं होतं. मधे बांध, बांधावर बोरीची काटेरी फांदी, बस. रोज ओलांडत होतो. पण थव्यातला एक भाग उठायचा, हवेत एक गिरकी घ्यायचा, उन्हात गुलाबी व्हायचा आणि दुसऱ्या टोकाला बसायचा, मग दुसरा भाग उठायचा. मी म्हणत होतो, ही एक गिरकी बघतो आणि जातो. मनात आणखी एक होतं, तेही सांगतो. मी तिकडून उठवलं तर ही पाखरं परत फुईच्या दादरीवर येतील, असं वाटत होतं.

तेवढ्यात खळ्यातून आबांची हाक आली. "गयात का रे?"

मी त्याच्या आवाजात म्हणालो, "गयात, आबा."

मी गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. हाक आली नाही म्हणून आबांनी कोणालातरी धाडलं असतं. खळ्यात दोन माणसं कडबा रचत होती. पण उत्तर ऐकून आबा निवांत झाले आणि थोड्या वेळाने घरची माणसं त्यांना होळीच्या पूजेला घेऊन गेली.

दिवस बुडता बुडता थवा आपणहून उठून गेला. मी खाली उतरून वावरात शिरलो. मधल्या पट्ट्यात कणसांचे नुसते बुरखुंडे उरलेले, खाली भुशाचा थर. त्यानंतरचे दिवस मी फार पळालो. काट्यांनी पाय सोलून निघाले. पण तेव्हा वाचवण्यासारखं फार राहिलं नव्हतं, आणि पाखरांना आता ती जागा माहीत झाली होती.

तो आला तेव्हा छातीवर राखेचे पट्टे पुसटसे दिसत होते. माझ्यासाठी पानाच्या द्रोणात मोहाची फुलं आणली होती. खालूनच सांगायला लागला. बायको तयार झाली. तिची आई नको म्हणत होती, पण ती तयार झाली. पाडव्यानंतर मुलीला आणि कोंबड्यांना घेऊन येते म्हणाली, आखाजीपर्यंत दोघं मिळून झोपडी घालू. मुलगी त्याचं बोट धरून सोडतच नव्हती. मी माळ्यावरून उतरलो नाही. मग बोलता बोलता त्याची नजर आपल्या वावराकडे गेली.

त्याने एक कणीस ओढून तळहातावर चोळलं आणि फुंकर मारली. हातात काही राहिलं नाही.

"तू पयना व्हता का, मास्तर?"

"पयनू ना," मी म्हणालो. "पन भलत्याच व्हत्यात."

त्याने मान डोलावली. माझ्यावर त्याने विश्वास ठेवला, हेच मला आजपर्यंत पचलेलं नाही. शिव्या घातल्या असत्या तर मी त्याही त्याच्या आवाजात म्हणून दाखवल्या असत्या.

पाखरं बसली, हे त्यानेच जाऊन आबांना सांगितलं. आबा दुसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून वावरात आले आणि एकेक कणीस बोटांनी चाचपत चालत राहिले. आम्हा दोघांना बोलावलं. मला कशाला, तर शेजारी म्हणून, साक्षीला. आवाज चढवला नाही त्यांनी.

"तू होळीले पयी जाता ते मी समजी लेतू," आबा म्हणाले. "देवनं काम शे. पन तू माळावर व्हता. मन्हासंगे बोलना. गयात, आबा, म्हने. आनि पाखरे खाई ऱ्हायंतात. इतला खोटा मानूसले मी वावरमा घर बांधू देऊ?"

सालदाराने डोळे मिटले. 'गयात, आबा' हे कोण म्हणालं ते त्याला तिथे, त्या क्षणी कळलं. तो माझ्याकडे वळला आणि त्याने मान हलवली, अगदी थोडीशी. मी त्याचा अर्थ लावला की बोलू नको. कोणाला काही सांगायचं नाही असं ठरलंच होतं. दोन वर्षं मी हाच अर्थ धरून बसलोय. पण खाली मान घालून उभा असलेला माणूस नुसताही मान हलवतो. आणि आबांनी खरंच समजून घेतलं असतं का, हेही मला माहीत नाही. चार दिवस मागितले तेव्हा दिले नव्हते. एवढं माहीत आहे की तोंड उघडायला मला जागा होती, आणि ज्याचं तोंड दिवसभर चालायचं तो मी पायाच्या अंगठ्याने ढेकूळ फोडत उभा राहिलो.

झोपडी रद्द झाली. सालाचे दिवस भरेपर्यंत त्याला राहायचं होतं, तो राहिला. रोज शेजारच्या माळ्यावर यायचा. थवा उठवला की रीतीप्रमाणे मला हाक द्यायचा, त्यात कधी चुकला नाही. बाकी बोलणं बंद. मीही आवाज काढायचे सोडले. फुईला वाटलं मला ताप आहे, तिने काढा करून पाजला.

डोंगरात निरोप धाडायला त्याला कोणी भेटलं नसावं, किंवा धाडवलं नसावं. पाडवा झाल्यावर एका दुपारी ती आली. दादर कापून झाली होती, त्यामुळे माळ्यावरून लांबचं दिसत होतं. गोमाई नदीच्या कोरड्या पात्रातून एक बाई येत होती, पाठीला झोळीत मूल, डोक्यावर बोचकं, हातात कोंबड्यांची टोपली. तिने बांधावर थांबून विहिरीकडे बघितलं. तो धावत गेला. दोघं बाभळीखाली बसली. तो बोलत होता. मुलगी त्याच्या मांडीवर होती. मग त्याने मुलीला झोळीत घातलं, बोचकं उचलून तिच्या डोक्यावर दिलं, आणि ती आली त्या वाटेने परत निघाली. तो तिथेच उभा राहिला.

फुई सरमाड, म्हणजे दादरीची वाळली ताटं, गोळा करत होती. कपाळावर हात धरून तिनेही बघितलं.

"कोन व्हती रे ती? इतला ऊनमा लेकरू लिसन उनी आनि लगेच चालनी?"

मी म्हणालो, माहीत नाही.

फुई म्हणाली, पाणी तरी विचारायचंस. तिने माठातून तांब्या भरला, पदर डोक्यावर ओढला आणि भराभरा बांधावरून चालत गेली. पात्राच्या काठापर्यंत पोचली तोवर ती बाई पलीकडची दरड चढली होती. फुईने दोनदा हाक मारली. फुईचा आवाज बारीक, तेवढ्या लांब जाणारा नाही. तेवढ्या लांब जाणारी हाक माझ्या गळ्यात होती, पण मी होतो तिथेच राहिलो. मग तांब्यातलं पाणी काठावरच्या निंबाच्या रोपाला घालून ती परत आली.