किल्लीकाकांचा संशय

किल्लीकाकांचं बाजाराच्या तोंडाशी कुलपं-किल्ल्यांचं दुकान होतं. गिऱ्हाइकाला किल्ली दिली तरी यांच्या मनात शंका उरायचीच, घर ह्याचंच असेल ना? बायको म्हणायची, "हे सावलीकडेसुद्धा ओळखपत्र मागतील."

लेक दहावीत गेली आणि तिच्या भांगाशेजारी रुपयाएवढं टक्कल दिसलं. काकांनी आधी तेलावर संशय घेतला, मग साबणावर, मग वर्गातल्या पोरींवर. शेवटी तिच्या उशीखाली केसांचा पुंजका सापडला. वाचायला बसली की तिचा हात आपसूक डोक्याकडे जाई आणि कळेपर्यंत केस उपटलेला असे. काका रागावले, पाळतीवर राहिले. तिनं घरातही डोक्याला रुमाल बांधायला सुरुवात केली.

डॉक्टरांनी समुपदेशक बाईंकडे पाठवलं. नुसतं बोलून केस उपटणं कसं थांबणार, हे काकांना पटेना. त्यातून बाई दार लावून घेत. बाहेरच्या बाकावर काका कान टवकारून बसत. एकदा आतून हसणं ऐकू आलं, तेव्हा तर त्यांना चैन पडेना. आत काय चालतं, असं विचारल्यावर बाई शांतपणे म्हणाल्या, की ते लेकीला वाटलं तर तीच सांगेल.

त्याच आठवड्यात लेकीची नवी तऱ्हा त्यांच्या नजरेस आली. वाचता वाचता तिचा हात कानापर्यंत गेला, थबकला, खाली आला आणि मूठ घट्ट मिटली. आता लपवायलाही शिकली तर!

"मूठ उघड."

"थांब ना, बाबा."

काकांनी एकेक बोट सोडवलं. आत काही नव्हतं. तळव्यावर नखांचे वळ तेवढे होते.

लेकीचे डोळे भरून आले. "हात वर जातोय हे आज पहिल्यांदा मला केस उपटायच्या आधी कळलं. ओढ विरेपर्यंत मूठ आवळून धरायची, असं बाईंनी शिकवलंय. तू मध्येच उघडलीस."

आणि त्यांच्यादेखत तिनं एक केस उपटला. आता मी तिकडे जाणार नाही, म्हणाली.

पुढच्या भेटीच्या दिवशी ती खरंच जागची हलेना. काका बराच वेळ घुटमळले. मग म्हणाले, "मी बाकावर बसत नाही. खाली रस्त्यावर थांबतो."

"वर येऊन दाराला कान लावशील."

"नाही लावणार."

"बाईंची खिडकी रस्त्याकडेच आहे."

"मग पलीकडच्या फुटपाथवर थांबतो."

तिनं त्यांना नीट न्याहाळलं आणि चपला घातल्या.

काका पलीकडे जाऊन उभे राहिले. थोड्या वेळानं वरचा पडदा जरासा सरकला. लेक खात्री करून घेत होती. काकांनी हळूच खिडकीकडे पाठ केली.