प्लास्टर खोलीचं मागचं दार

माझी मावशी सव्वीस वर्षं सरकारी दवाखान्यात प्लास्टर घालते. मोडलेलं हाड पाहून माणसाचं खरं-खोटं ओळखण्यात तिचा हात धरणारा कोणी नाही.

"पडणारा माणूस तळव्यावर पडतो, मनगट मोडतं," ती मला सांगते. "डोकं वाचवायला हात आडवा धरला, की कोपराखालचं हाड मधोमध मोडतं. आता जिना काय काठी घेऊन उभा असतो?"

पण कागदावर बाई सांगेल तेच कारण लिहायचं. बाहेर बाकावर नवरा बसलेला, म्हणून सगळ्याच जणी जिन्यावरून पडतात. गेल्या वर्षीच्या अहवालात आमच्या भागात घरातल्या मारहाणीची एकही नोंद नव्हती. साहेबांनी सगळ्यांचं अभिनंदन केलं, आणि मावशीचं डोकं फिरलं.

शिवणकाम करणारी एक बाई दुसऱ्यांदा हात मोडून आली, तेव्हा मावशीने पोलिसांना कळवलं. हवालदार आला. त्याने नवऱ्यासमोरच विचारलं, "काही तक्रार आहे का?" ती नाही म्हणाली. झालं! कायदा चहा पिऊन परत गेला. तिसऱ्या खेपेला ती आली, ती त्या चौकशीची शिक्षा भोगून. चौथ्यांदा ती जिवंत येईल याची मावशीला खात्री नव्हती.

या वेळी मावशीने कोणालाच कळवलं नाही. चेहरा गंभीर करून ती नवऱ्याला म्हणाली, "सूज फार आहे. दिवसाआड दाखवायला आणा. आत फक्त पेशंट."

तो कुरकुरला, पण आणत राहिला. आत ती बाई मावशीच्या फोनवरून परगावच्या बहिणीशी बोलायची आणि मावशी एका जुन्या, रिकाम्या प्लास्टरवर ते कापायचा विजेचा कटर चालवायची. बाहेर नुसती घरघर! चार खेपांत सगळं ठरलं: राहायची खोली, शिलाई कारखान्यात काम, निघायचा दिवस.

त्या दिवशी मी रजा काढली. माझं काम एकच, नवऱ्याला बाकावरून हलू द्यायचं नाही. शेजारी बसून मी माझ्या धडधाकट गुडघ्याचं असं रडगाणं लावलं की विचारू नका. तोही लेकाचा मला तेल सुचवत बसला! कटर घरघरत होता. मागच्या दाराबाहेर, चादरी वाळतात त्या अंगणात, बहीण रिक्षा घेऊन उभी होती.

वीस मिनिटांनी कटर थांबला. मावशी दारात आली, प्लास्टरच्या भुकटीने भुवयांपर्यंत पांढरी.

"तुमची बायको? ती गेली की मघाशीच."

तो आत धावला, बाहेर धावला, ओरडला. मला मात्र नाचावंसं वाटत होतं!

त्याने दवाखान्यात तक्रार केली. बायको तीनदा हात मोडून आली तेव्हा ज्यांना काही दिसलं नव्हतं, त्यांनी याची तक्रार दहा मिनिटांत नोंदवून घेतली. मावशीला नोटीस आली: "एक रुग्ण उपचार अर्धवट सोडून पळाली. लेखी खुलासा करावा."

मावशीने मला फोनवर खुलासा वाचून दाखवला. हसताना तिला धड वाचताही येत नव्हतं. एकच ओळ होती: "रुग्णाने उपचार सोडले नाहीत, त्या दिवशी सुरू केले."