उणे ऐंशीतले मालक

“प्रोजेक्ट संपला, मॅडम. उणे ऐंशी अंशांचा फ्रीजर नव्या टीमला द्यायचाय. रिकामा करून टाका,” आमचे डायरेक्टर चहा ढवळत म्हणाले.

“आणि आतली रक्ताची सॅम्पलं, सर?”

“त्यांच्यावर पेपर आला की. सायटेशन्स बघा किती झाल्यात! आणखी काय पाहिजे?”

सायटेशन म्हणजे दुसऱ्या संशोधकांनी आपल्या पेपरचा आधार घेणं. आमची बढती, मान, सगळं त्यावर चालतं. माझा पेपर माकडतापावर होता. हा ताप जंगलातल्या गोचिडीपासून होतो. त्यातून बरं झालेल्यांच्या रक्तात अँटिबॉडी, म्हणजे त्या विषाणूला ओळखून अडवणारे पहारेकरी, किती वर्षं टिकतात हे आम्ही तपासलं. पेपर गाजला. डायरेक्टर खूश. मी नाही.

मला वेगळंच हवं होतं. आजऱ्याजवळच्या एका गावातलं जोडपं. जंगलालगतच्या काजूच्या बागेत दोघं राबायची. दोघांनाही एकाच आठवड्यात ताप आला, दोघं कोल्हापुरात ॲडमिट झाली. बायको वाचली, नवरा गेला. का? घर एक, बाग एक, ताप एक. मग एकीचं शरीर लढलं आणि दुसऱ्याचं का हरलं? ते शोधायचं तंत्र आज आमच्याकडे नाही. उद्या येईल. त्या उद्यासाठी मला फ्रीजरमधली, नवरा जिवंत असताना घेतलेली त्याच्या रक्ताची कुपी हवी होती. हवी म्हणजे काय, जीव तुटत होता तिच्यासाठी.

भांडून भांडून डायरेक्टरांकडून एवढं कबूल करून घेतलं: घरच्यांनी नव्यानं संमती दिली, तर ती एक कुपी दुसऱ्या संस्थेच्या साठ्यात पाठवायची. नाहीतर ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक करून कचऱ्यात.

मी निर्धास्त होते. गौराक्कानं, म्हणजे वाचलेल्या त्या बायकोनं, नाही म्हणणं शक्यच नव्हतं. दर वर्षी तिचं रक्त घ्यायला गेले की हात पुढं करायच्या आधी तिचा प्रश्न ठरलेला.

“बाई, मालकांचं हाय न्हवं अजून?”

“हाय की, अक्का.”

“मग घ्या माजं.”

नवऱ्याला ती मालक म्हणते. मालक गेले तेव्हा ती बायकांच्या वॉर्डात बेशुद्ध होती. शुद्धीवर आली तोवर माती देऊन झालेली. शेवटचं तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही. तिच्या लेखी तिचा माणूस म्हणजे आमच्याकडची ती कुपी, करंगळीच्या पेराएवढी.

फोन करून तिला सगळं समजावलं. ती म्हणाली, “आदी बगतो, मग सांगतो.”

दुसऱ्या दिवशी एसटीनं आली. ठेवणीतलं इरकल नेसून, पदर डोक्यावरून घेऊन. मी आधीच बजावलं, आत जायचं नाही, कुपीला हात लावायचा नाही, त्यात विषाणू अजून जिवंत असू शकतो.

“व्हय व्हय. लांबनंच बगतो.”

तिला काचेपाशी उभं केलं. आत पूर्ण किट घातलेल्या टेक्निशियननं फ्रीजर उघडला. पांढरे लोट बाहेर आले. जाड हातमोज्यात कुपी धरून तो काचेजवळ आला. कुपीवर दहिवर गोठलेलं. गौराक्कानं अलीकडून काचेवर तळवा टेकला.

“एवढंच?”

“एवढंच, अक्का.”

“त्यो धूर कसला?”

“थंडी आहे ती. बर्फापेक्षा कितीतरी जास्त. म्हणून तर टिकलंय.”

“आन् मालक इतकी वर्सं ह्यात व्हते?”

“हो.”

ती एकदम माझ्यावर खेकसली. “अवो बाई, त्यास्नी थंडी सोसायची न्हाय! हिवाळ्यात चुलीम्होरनं उठायचे न्हाईत. काढा भाईर. आदी काढा!”

“अक्का, बाहेर काढलं की संपलं. काहीच उरणार नाही.”

“न्हाय उरलं तर न्हाय उरू दे. किती गारठवतासा एका माणसाला?”

मी हार मानणारी नव्हे. म्हटलं, ह्यातून उद्या कुणाचा तरी जीव वाचेल. ते तिनं नीट ऐकून घेतलं. मग पोलक्याची बाही वर सारून हात माझ्यापुढं धरला.

“माजं घ्या की. पायजे तेवढं घ्या. मी जिती हाय, मला सोसतंय. त्यास्नी सोडा.”

घरच्यांचा नकार म्हणजे नकार, त्यापुढं विज्ञान नाही. ऑटोक्लेव्ह लावला. तो होईपर्यंत ती बाहेर बाकावर बसून राहिली. मी शेजारी. मी एक प्रश्न घालवून बसले होते आणि ती एक माणूस, दुसऱ्यांदा. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

“झालं?”

“झालं, अक्का.”

“गरम असतंय न्हवं त्यात?”

“उकळत्या पाण्याहून गरम.”

“मग बरं झालं,” ती म्हणाली. पदरानं डोळे पुसले आणि आजरा गाडी कितीला आहे ते विचारलं.

पुढं इम्पॅक्ट रिपोर्ट, म्हणजे संशोधनाचा किती उपयोग झाला त्याचा अहवाल, भरला. पेपर, सायटेशन्स, सगळं त्यात आलं. एक वाचली आणि एक का गेला, हे मला अजून कळलेलं नाही, आता कळणारही नाही. नव्यानं शिकायला येणाऱ्यांना मी एकच सांगते: संमतीचा कागद पुढं करायच्या आधी घरच्यांना फ्रीजर उघडून दाखवा. त्यानंतरही जे मिळेल, तेच आपलं.