बारा टनांचं गाऱ्हाणं

मोरजीच्या अलीकडे, शापोरा नदीच्या काठावर कृष्णनाथ मेस्ताने मासेमारीच्या शंभरेक होड्या बांधल्या. पण एकीतही तो कधी बसला नाही. मेस्ताला पोहता येत नव्हतं. बांधणाऱ्याने पहिल्या फेरीला जायचं हा गावचा रिवाज. मेस्त आत एक पाय ठेवायचा, 'झाली फेरी' म्हणायचा आणि चहाला पळायचा.

मग डिचोलीचा जयवंत आला. उभा जन्म जहाजांवर काढलेल्या या तारवटीला निवृत्तीनंतर शिडाच्या बोटीतून महासागर ओलांडायची हुक्की आली. बोट जुन्या घडणीची, बारा टनांची. त्यातलं चार टन नुसतं शिसं, तळाशी.

"वजन व्हयाच, मेस्ता. हलकी बोट लाटेर नाचता, जड बोट लाट कापता."

गाव म्हणे, "दगड खंय तरंगता?" मेस्त वरवर हसे, पण मनातून त्यालाही तेच वाटे. अडीच वर्षं खपून त्याने बोट उभी केली. तेव्हा जयवंताने चारचौघांत बजावलं, "नुसतो पाय ठेवन भागाचा ना हां. माझ्यावांगडा समुद्रापर्यंत येवक होया." आता मागे हटावं तर मेस्ताकडे पुन्हा होडी कोण बांधायला देणार?

पहाटेच्या भरतीत क्रेनने बोट पाण्यात सोडली. तिला सहा फूट पाणी लागे, म्हणजे ओहोटीआधी निघायलाच हवं. हे मेस्ताला पक्कं ठाऊक होतं, आणि निघण्याआधी नारळ हातात घेऊन देवांना गाऱ्हाणं तोच घालणार होता.

नारळ घेऊन तो बोटीच्या नाकावर उभा राहिला. "बा देवा म्हाराजा! मोरजाई, सातेरी, रवळनाथा..."

"व्हय म्हाराजा!" लोक गरजले.

आपल्या पेडण्याचे देव संपले, तसा तो जयवंताच्या डिचोलीत शिरला. सर्वणचे राखणदार झाले, विहिरी झाल्या, बोटीला लाकूड दिलेलं फणसाचं झाड झालं, म्हापशाचा खिळेवाला झाला. 'व्हय' बारीक होत गेलं. काठावर जयवंत उतरत्या पाण्याकडे बघून हात चोळत होता, पण चालू गाऱ्हाण्यात तोंड कोण घालणार? शेवटी तळाशी धप्प झालं. बोट चिखलात बसली आणि कलली.

लोक पँटी वर करून चिखलातून घरी निघाले. मेस्तही खुशीत उतरू लागला, तोच काठावरून बायको, सुलोचना, कडाडली, "गाऱ्हाणां अर्ध्यार सोडून खंय चल्लास? नारळ कोण फोडतलो?"

नेमच तसा होता: नारळ फुटेपर्यंत उतरायचं नाही आणि बोट तरंगेपर्यंत नारळ फोडायचा नाही. मेस्त आपल्याच जाळ्यात अडकला. दुपारी दोरीला बांधलेल्या बादलीतून पेज आली. दिवसभर करायचं काय, म्हणून तो आत शिरला आणि तळाच्या फळ्या हाताने चाचपू लागला. ठणठणीत कोरड्या. पाण्याचा थेंब नाही.

संध्याकाळी भरती चढली. बोट हलली, कण्हली आणि कोणी हात न लावता त्या शिशाच्या जोरावर सरळ उभी राहिली. मेस्ताचे डोळे भरून आले. हे आपल्या हातचं आणि आपण काठावरून बघणार होतो, याची त्याला लाज वाटली.

जयवंत वर चढला. "मेस्ता, अजून किती देव उरले?"

"सगळ्यांक सकाळीच सांगलां," मेस्ताने नारळ फोडला. "आता पाणी आसा तंवर चल."

काठावर एकटी सुलोचना उरली होती. तिने पदराने डोळे पुसले आणि सगळ्या गावाचं 'व्हय म्हाराजा' एकटीने म्हटलं.