चिडलेला नातेवाईक

हिंदी मुलखातल्या त्या शहरात, नया बाजारात राहणाऱ्या कृष्णरावांचा आवाज असा, की ते हळू बोलले तरी शेजारणीला भाजीचा भाव कळावा. गणेशोत्सवाच्या नाटकात तापट बापाची भूमिका वर्षानुवर्षं त्यांच्याकडेच असे. पुढे पोरं मराठी वाचेनाशी झाली, नाटकं बंद पडली, वीजमंडळातली नोकरीही संपली आणि तो सगळा आवाज घरात विमलताईंच्या वाट्याला आला. "अहो, इतके चिल्लावू नका, मी बाजूलाच बसलीय," असं त्या बिचाऱ्या म्हणत.

मग शहरातल्या एका रुग्णालयानं त्यांना हेरलं. तिथं आपत्कालीन विभागात संशोधन चाललं होतं: रुग्णाचे नातेवाईक भडकले की शिकाऊ डॉक्टरांनी कसं वागावं? प्रश्न खोटा नव्हता, डॉक्टर मार खातच होते. प्राध्यापक मुकुंदरावांना एक बनावट नातेवाईक हवा होता. कृष्णराव कधी सांगून, कधी अचानक आरडाओरडा करत आत शिरत. स्ट्रेचरवर कुणीतरी कर्मचारी पांघरूण घेऊन पडलेला असे. डॉक्टरांनी नातेवाइकाला बसवायचं, पाणी द्यायचं, आपला आवाज चढू द्यायचा नाही. मुकुंदराव कोपऱ्यात उभं राहून गुण देत. पांघरुणाखाली कोण आहे ते बघण्याला गुण नव्हते, आणि ते का नाहीत हे एवढ्या शिकलेल्यांपैकी कुणी विचारलं नाही. कृष्णरावांनीही नाही. त्यांना टाळ्या मिळत होत्या. "आज एक पोरगी रडली!" असं ते घरी येऊन ऐटीत सांगत. धन्य ते संशोधन आणि धन्य तो नट!

एका सकाळी पोळ्या लाटता लाटता विमलताईंचा उजवा हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं. शेजाऱ्याच्या गाडीत घालून कृष्णरावांनी त्यांना थेट त्याच रुग्णालयात नेलं. वाटेत दुसरी दोन रुग्णालयं लागली, पण इथं सगळी आपली माणसं, आपल्याला कोण ताटकळत ठेवणार, हा भरवसा. दारातूनच ते ओरडले, "डॉक्टर! कोई है? मेरी पत्नी को देखो!"

शिकाऊ डॉक्टर गरिमा हसऱ्या चेहऱ्यानं पुढे आली. "आइए अंकल, यहाँ बैठिए. पानी लीजिए."

"अरे बेटा, मैं नाटक नहीं कर रहा!"

हे वाक्य ते दर वेळी म्हणत. त्यांनी स्वतःच घातलेलं होतं आणि मुकुंदरावांना ते फार आवडलं होतं.

"मैं समझ रही हूँ, अंकल," गरिमा म्हणाली. ते जितके ओरडले तितकी ती शांत होत गेली. मधूनच मुकुंदराव कुठे दिसतात का, म्हणून कोपऱ्याकडे बघत होती. आजचा पेशंटही अगदी हुबेहूब आणलाय असं तिला वाटलं, हे तिनं नंतर रडत कबूल केलं. कृष्णरावांनी तिचा हात झटकला, ग्लास फुटला, तेव्हा दोघांनी येऊन त्यांना प्रेमानं धरून ठेवलं. अगदी शिकवलं होतं तसं. विमलताई दारात मिळालेल्या स्ट्रेचरवर, पांघरुणाखाली, भिंतीशी पडून होत्या. अखेर पांघरूण सारखं करायला गेलेल्या दुर्गा नर्सनं त्यांचा चेहरा पाहिला आणि ती ओरडली. मग सगळे धावले. मेंदूचा रक्तपुरवठा अडला की एकेक मिनिट मोलाचं असतं, हे तिथल्याच भिंतीवर रंगवलेलं होतं. विमलताईंचा जीव राहिला, पण बोलणं गेलं.

महिनाभरानं मुकुंदरावांचा फोन आला. त्यांनी मनापासून माफी मागितली. मग घसा खाकरून म्हणाले, "कृष्णराव, हाच प्रसंग आता प्रशिक्षणात घेऊ या. म्हणजे पुन्हा कुणावर ही वेळ येणार नाही. आणि तुमच्याशिवाय हे करणार कोण?"

"आणि विमल कोण होणार?"

"त्याला पुतळा चालेल हो. तिला कुठं काही बोलायचंय!"

फोन स्पीकरवर होता. खुर्चीतल्या विमलताईंना ऐकू सगळं येत होतं, त्यांचे कान शाबूत होते. कृष्णरावांनी फोन तसाच खाली ठेवला आणि पेजेचा चमचा त्यांच्या तोंडाशी नेला. त्यांनी तोंड उघडलं नाही. पलीकडून मुकुंदराव विचारत होते, पुढचा सोमवार जमेल का.